विमानाच्या सीटला तिहेरी टीप

नाही, पण मला एक सांगा, ज्याला आपण काम सांगायला गेलोय त्यानं ‘कापड माझ्यावर सोडा’ असं म्हणावं का? का म्हणावं? माझ्यावर सोडा म्हणजे काय? तुम्हाला सांगतो, हा सीटवाला, म्हणजे सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा यांना कव्हरं घालून देणारा, आमच्याच रस्त्यावर त्याचं दुकान आहे, त्याला मी एवढंच म्हटलं की बाबा, दोन सीटा आहेत, विमानाच्या आहेत, लहानसं विमान आहे, तर त्या माणसाच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. आता विमान म्हटल्यावर माणूस दचकतो, हसतो, निदान ‘काय सांगता’ तरी म्हणतो. हा काय म्हणाला? “ठेवून जा. कापड माझ्यावर सोडा.” म्हणजे याच्याकडे रोज सकाळ झाली की विमानं येऊन उभी राहतात? संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही हो, पण माणसानं विचारायला नको?

तर ते विमान माझं आणि माझ्या धाकट्या मेव्हण्याचं, निम्मं निम्मं. दोघांनाही चालवता येतं, रीतसर शिकलोय. विमान दोनच माणसांचं, शेजारी शेजारी बसायचं, जुनं आहे पण इंजिन ठणठणीत, पंख ठणठणीत, फक्त सीटा अशा की आधीच्या मालकाचं कुत्रं त्यात बसत असावं आणि तेही नाइलाजानं. आमची ही एकदा हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवतात त्या शेडमध्ये, आली, दार उघडून आत डोकं घातलं, एक वास घेतला आणि डोकं बाहेर काढून म्हणाली, “यात?” बस्स. मग जाता जाता म्हणाली, “आधी सीटा नीट करा, मग बघू.” आता इतक्या वर्षांच्या संसारात ‘मग बघू’चा अर्थ मला कळत नसेल का?

पण मला ती हवी होती हो शेजारी. सरळ सांगतो, त्यात लाजायचं काय? वर गेलो की खाली नदी चमकत असते, ढगाची सावली शेतावरून पळत असते, ‘अगं, ते बघ’ म्हणून मी मान वळवतो आणि शेजारी कोण? मेव्हणा. बिस्किटं खातोय. सुंदर काही दिसलं की बरोबर त्याच वेळी याच्या तोंडात बिस्कीट. बायकोला म्हणून जे दाखवायचं ते मी आजवर सगळं मेव्हण्याला दाखवलंय.

बरं, सीटवाल्याचं मी घरी सांगितलं तर मेव्हणाच मला म्हणतो, “भाऊजी, देऊन टाका की त्याला. चांगला माणूस आहे.” आता चांगला आहे हे तुला कसं माहीत? तू कधी बोललास त्याच्याशी? आणि बोललास तर काय बोललास? संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही, पण दोघांच्या तोंडी एकच सूर आला की कान टवकारतातच. मी त्याच दिवशी ठरवलं, कोणाला द्यायचं नाही, सीटा आपण स्वतः शिवायच्या. हीनं मशीनवरचं फडकं काढून दिलं आणि म्हणाली, “शर्टाचं बटण कधी लावलंयत?” मी म्हटलं, बटण वेगळं आणि विमान वेगळं. त्यावर तिनं सुईत दोरा ओवून दिला. का ओवून दिला?

मग जुनी कव्हरं उसवली, नमुन्याला. आणि तुम्हाला सांगतो, बघतो तर काय? एक टीप. सगळ्या शिवणींना एकच एक टीप, आणि टाके हे एवढे लांब. म्हणजे मी आणि मेव्हणा आजवर ढगात फिरलो ते एका टिपेवर! ज्यानं कोणी शिवलं त्यानं दोरा खाल्ला, दुसरं काय? मनाशी म्हटलं, आपल्या सीटला असला आळशीपणा चालायचा नाही.

मग लेदर. विमानातलं कापड असो की लेदर असो, त्याला जाळ लावून बघतात, जाळ काढला की ते आपोआप विझायला हवं, तरच ते आत बसवायला परवानगी. दुकानदारानं लेदरबरोबर तसा छापील कागद दिला, वर म्हणतो कसा, “साहेब, बिनधास्त राहा, कागद आहे ना सोबत.” अहो, कागद तर सगळ्यात आधी पेटतो! मी घरी आलो, पट्टी कापली, चिमट्यात धरली, शेगडीवर नेली, जाळ लावला, बाजूला काढली. विझली. परत लावला. विझली. आणखी एक पट्टी कापली, तीही विझली, आणि मी तिसरी कापायला घेतली. ही पदर नाकाला लावून दारात उभी.

“विझलं ना?”

“विझलं.”

“मग आता काय शोधताय?”

“फारच पटकन विझतंय गं.”

तिनं खिडकी उघडली आणि निघून गेली.

शिवायला बसलो. पहिली टीप घातली. छान दिसत होती, म्हणूनच तिच्या शेजारी दुसरी घातली. आणि दोघींवर नजर ठेवायला तिसरी. टाके एकदम बारीक, एकाला एक लागून, मुंगीचा पाय शिरायचा नाही इतके. दोन हातांनी ओढून बघितलं, जाम हललं नाही. ही पाणी प्यायला म्हणून आली, मशीनवर वाकली आणि म्हणाली, “टाके फार जवळ पडतायत.” एवढंच. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ही का म्हणाली असं? हिला सीटा होऊच द्यायच्या नसतील तर? सीटा झाल्या की हिला बसावं लागणार. आज टाके जवळ आहेत, उद्या रंग आवडत नाही, परवा फोम टोचतो, म्हणजे मी जन्मभर मशीनवर आणि ही जन्मभर जमिनीवर. संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही, पण बायको विनाकारण पाणी प्यायला येते का? मी टाके आणखी जवळ केले.

झाल्या सीटा. हँगरमध्ये नेल्या, बसवल्या, इन्स्पेक्टर आला. त्याची सही झाल्याशिवाय विमान हलवायचं नाही, आणि हा माणूस असा की त्याला बोलताच येत नाही, नुसता ‘हं’ करतो. पट्ट्यांची जागा बघितली, हं. खालचा फोम दाबला, हं. आत बसला, विमान वर-खाली करायचा दांडा पुढे केला, मागे ओढला, सीट कुठे आडवी येत नाही ना बघितलं, हं. मेव्हणा दारात उभा, ही थोडी मागे, मी पंखाखाली. आणि इन्स्पेक्टर आरामात, मनापासून, पाठ मागे टेकून रेलला...

टर्रर्र.

अहो, बसचं तिकीट फाटावं तसं, सरळ रेषेत, खांद्यापासून कमरेपर्यंत! तिन्ही टिपांच्या मधून! आतला पिवळा फोम इन्स्पेक्टरच्या काखेतून बाहेर डोकावायला लागला. त्यानं मान वळवून फोमकडे बघितलं. “हं.” आणि उतरून गेला. मी पहिल्यांदा मेव्हण्याच्या हाताकडे बघितलं. त्याच्याकडे चाकू असतो खिशात, सफरचंद कापायचा. मी नुसतं बघितलं हो, काही म्हटलं नाही, तर तो म्हणाला, “भाऊजी, मी दारात होतो.” दारात होतास हे आधीच सांगायची गरज काय?

ही मात्र पुढे आली. फाटलेलं लेदर तिनं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, “या इकडे. बघा.” बघितलं तर चाळणी. पलीकडचा अख्खा हँगर दिसत होता त्यातून. “दोरा धरून ठेवतो, पण सुई भोक पाडते ना? एवढी भोकं पाडलीत, मग धरायला उरलं काय?” मला वाटलं होतं, ‘सुटले एकदाची’ म्हणून ती घरी जाईल. तर घरी येऊन तिनं स्वतः मशीनचं बटण फिरवलं, टाका मोठा करून दिला, शेजारी स्टूल घेऊन बसली आणि म्हणाली, “एकच टीप. मी बघतेय.” म्हणजे हिला यायचंय? की नुसतं दाखवतेय? शेजारी बसली होती, तेवढं मला बरं वाटलं.

एकच टीप घातली. इन्स्पेक्टर आला, बसला, रेलला, दोनदा रेलला. “हं.” आणि सही.

मग तो दिवस आला. डोक्याला रुमाल बांधून, पायात बूट घालून ही खरंच आली. सीटवर हात फिरवला आणि म्हणाली, “छान झालीय हो.” तिचा पट्टा बांधला, माझा बांधला, किल्लीला हात लावला आणि मनात आलं, एकच टीप आहे. उतरलो. फेरी घालून तिच्या बाजूला गेलो, म्हटलं, जरा पुढे हो. खांद्यामागची शिवण ओढून बघितली. ठीक होती. परत येऊन बसलो, पट्टा बांधला, किल्लीला हात लावला, पण कमरेजवळची बघायची राहिली होती. परत उतरलो. जरा पुढे हो. मग तिसऱ्यांदा, टॉर्च घेऊन. शेवटी परत येऊन बसलो.

“अहो, समजा ही शिवण उसवली, तर मी खाली पडेन का?”

“छे गं, खाली लोखंडी सांगाडा आहे.”

“मग?”

“मग काही नाही. पण...”

तिनं माझ्याकडे शांतपणे बघितलं. “तुमचा तुमच्या हातावर भरवसा नाही, आणि मी त्याच हातात विमान देऊन बसू?” आणि माझ्या अंगावरून वाकून बाहेर उभ्या असलेल्या भावाला हाक मारली, “ए, चल रे, तू बस इकडे.” आला की लगेच मेव्हणा! तयारच होता! सीटा दोन. ती उठणार नाही म्हटल्यावर कोण उतरणार? उतरलो. माझ्या हातच्या सीटवर माझी बायको, माझ्या हातच्या दुसऱ्या सीटवर बिस्किटांचा पुडा घेऊन मेव्हणा, आणि मी धावपट्टीच्या कडेला, हातात टॉर्च, भर उन्हात.

आली परत. गाल लाल, रुमाल गळ्यात, आणि तोंडाचा पट्टा थांबायला तयार नाही. नदी अशी वळते, माहितेय का तुम्हाला? ढग ओला लागतो, माहितेय? आपली गच्ची दिसली, पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं राहिलंय. ढगाची सावली पळते हो शेतावरून! मी सगळं ऐकून घेतलं. मला माहीत नव्हतं असं त्यात फक्त टाकीचं झाकण होतं. शेवटी हळूच विचारलं, “आणि सीट?”

“कुठली सीट?”

“मी शिवलेली गं.”

“वर गेल्यावर सीटकडे कोण बघतं?”

आता दर सुट्टीला बहीणभाऊ वर असतात आणि मी घरी मशीनवर. तिला पाठीला एक छोटी उशी हवीये, त्याला बिस्किटांसाठी दाराला खिसा. परवा मी धीर करून म्हटलं, एकदा माझ्याबरोबर येऊन तर बघ. त्यावर तिनं उशीची शिवण उलटीसुलटी करून बघितली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “चालवायचं राहू द्या हो. शिवता मात्र तुम्ही छान.”