पिंपाची दाढ

बाबा : ...आणि परिषदेहून जांभळे दात घेऊन परतणारी दंतवैद्य मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती! वर्षभर परिषदा. दर महिन्याला परिषद, आणि परिषद म्हणजे हा वाइनचा कारखाना! मी मनात म्हणायचो, माणसाच्या तोंडात दात असून असून किती असतात? त्यावर एवढं काय बोलतात ही मंडळी?

कन्या : बाबा, जरा सरका ना. दांडा लागेल.

बाबा : आधी त्या फळीवरून खाली उतर.

कन्या : नाही उतरता येत. टाकीतली द्राक्षांची सालं वर येऊन बसलीत. ती दाबून रसात बुडवली नाहीत तर तापतात, आणि वाइनऐवजी व्हिनेगर होतं. तुम्ही बोला, मी दाबते.

बाबा : मी पहाटेपासून गाडी हाकत आलो तो सालांशी बोलायला?

कन्या : सालं छान ऐकून घेतात. तुमचे पेशंटसुद्धा कुठे मध्ये बोलतात?

बाबा : त्यांच्या तोंडात माझा हात असतो!

कन्या : तेच म्हणतेय मी.

मालकीणबाई : कोण ओरडतंय माझ्या वाइनवर? ती आंबत असताना तिच्यापुढे आवाज चढवू नये.

बाबा : का, बिघडते?

मालकीणबाई : तिला काय धाड भरलीय! मला डुलकी लागली होती. अगंबाई, डॉक्टरसाहेब का? या, या. लेकीच्या बोलण्यावरून वाटलं त्यापेक्षा बरेच लहान दिसता.

बाबा : बाई, मी हिला न्यायला आलोय. उद्या आमच्या दवाखान्यावर नवी पाटी लागतेय. 'डॉक्टर आणि कन्या'. रंगारी शिडीवर चढलासुद्धा असेल.

कन्या : मला न विचारता?

बाबा : विचारायचं काय त्यात? मी डॉक्टर आहे, तू कन्या आहेस. पाटीवर एक अक्षर खोटं नाही.

मालकीणबाई : दमला असाल. हे घ्या.

बाबा : मी वाइन घेत नाही.

मालकीणबाई : ही वाइन नाही. वाइन व्हायचं की नाही, अजून ठरवतेय ती.

बाबा : मग हरकत नाही... हं. गोड आहे. जिभेवर काहीतरी फुगडी घालतंय. दातांना अत्यंत घातक. अजून आहे?

मालकीणबाई : टाकीभर आहे.

बाबा : अर्धा पेला पुरे. पाऊण चालेल. बाई, या पोरीला झालं काय? चांगल्या दाढा उपटत होती.

मालकीणबाई : मला झालं तेच. मी इथे शिवणयंत्र विकायला आले होते. तेव्हाचे मालक म्हणाले, माणसं कमी पडलीत, जरा हौदात उतरून द्राक्षं तुडवता का, मग यंत्राचं बघू. चपला काढल्या आणि उतरले. चपला अजून सापडल्या नाहीत.

बाबा : आणि यंत्र?

मालकीणबाई : त्यावर मालकांची फाटकी पँट शिवून दिली. पुढे त्यांच्याशीच लग्न केलं. पँट फार छान बसली होती हो.

बाबा : ठमे, तू कोणाची पँट शिवली नाहीस ना?

कन्या : बाबा! मी मैत्रिणीबरोबर सुट्टीला आले होते. सहज एका पिंपाला कान लावला. आत गुडगुड चाललेली. इतकी वर्षं मी उघडी तोंडं बघितली, सगळी मला घाबरलेली. हे एकच तोंड मिटलेलं होतं, आणि आपल्या तंद्रीत गुणगुणत होतं. त्या दिवशी मी तिथून उठलेच नाही. मैत्रीण एकटी परत गेली. मग काय, दर महिन्याला परिषद.

मालकीणबाई : तुम्हाला कशी लागली हो दातांची आवड?

बाबा : मला वडिलांनी लावलं. म्हणाले, कामाला लाग, आवड लागेल हळूहळू.

मालकीणबाई : मग?

बाबा : मग काय, वाट बघतोय. अजून आहे का ते?

मालकीणबाई : आहे. पण गाडीची किल्ली इकडे द्या.

बाबा : घ्या. मी पूर्ण शुद्धीत... थांबा. हे काय आहे? या पिंपाच्या दोन फळ्यांमध्ये? ठमे! हे आपलं सिमेंट आहे!

कन्या : गेल्या हंगामात ते पिंप ठिबकत होतं. हाताशी दुसरं काही नव्हतं, पर्समध्ये तेवढं होतं.

बाबा : दात भरायचं तात्पुरतं सिमेंट! लवंगेच्या तेलात कालवलेलं! तात्पुरतं म्हणजे आठवडाभराचं, ठमे!

कन्या : वर्ष झालं. थेंब नाही गळला.

बाबा : थांब, माझा आरसा कुठंय... हं. कड स्वच्छ. कुठे फट नाही. चावताना उंच लागत नाही ना?

मालकीणबाई : पिंपालाच विचारा.

बाबा : सुरेख भरलंय. कोणी शिकवलं?

कन्या : तुम्ही.

मालकीणबाई : सुरेख भरलं आणि अख्खं पिंप लवंगेच्या वासाचं करून ठेवलं! वर्षभर बोलणी खातेय माझी. आज निकाल आहे. आमच्याकडे नियम असा, की बिघडलेलं पिंप आपल्या माणसाने चाखायचं नाही, आपला माणूस गोडच बोलतो. ज्याला ते नावडलं तर फायदा आहे, अशाला द्यायचं. तो थुंकला, की पिंप ओतून द्यायचं आणि बिघडवणाऱ्याने घर गाठायचं. त्याने गिळलं, तर पिंपही राहिलं आणि माणूसही.

बाबा : म्हणजे मी थुंकलो, की ही घरी?

मालकीणबाई : आजच्या आज.

बाबा : ठमे, तुला कबूल आहे हे?

कन्या : शब्द दिलाय मी. पण खरं काय ते करा, बाबा. माझ्याकडे बघून नाही.

बाबा : तुझ्याकडे बघायला मी काय वेडा आहे? आणा थुंकायला एखादं भांडं. बाई, चाळीस वर्षं मी लोकांना एकच सांगत आलो, चूळ भरा आणि थुंका. आणि मला तुम्ही थुंकायला बोलावताय!

मालकीणबाई : आधी वास घ्या.

बाबा : वास काय घ्यायचा, लवंगेचा तर... हं.

कन्या : काय?

बाबा : गप्प बस जरा. हा सकाळी शटर उघडल्याचा वास आहे. पेशंट आलेले नसतात. तुझी आई टेबल पुसतेय. आणि तू माझ्या खुर्चीत बसून नुसती वर-खाली, वर-खाली...

कन्या : पायाखालचा पेडल दाबून.

बाबा : तुझ्यामुळेच तुटला तो. द्या, घोट घेतो.

(बराच वेळ ते गाल फुगवून वाइन तोंडात फिरवत राहतात. कन्या भांडं पुढे धरते.)

कन्या : झालं, बाबा. थुंका.

मालकीणबाई : सावकाश. कडेला उडवू नका.

कन्या : बाबा, हात दुखतोय माझा. थुंका ना एकदाचं.

बाबा : काय थुंकू?

कन्या : तोंडात आहे ते!

बाबा : तोंडात काही नाही.

मालकीणबाई : गिळलं! अगं पोरी, डॉक्टरांनी गिळलं!

बाबा : चुकून गेलं. घसरलं एकदम. हे धरू नका, मला पुन्हा चाखावं लागेल.

मालकीणबाई : नियमात एकच घोट बसतो.

बाबा : मग नियमाबाहेरचा द्या. ठमे, रडतेस काय, भांडं खाली ठेव आणि टाकीकडे बघ. सालं वर आली असतील.

कन्या : बाबा, तुमचे दात जांभळे झालेत.

बाबा : आईला सांगेन, परिषदेला गेलो होतो.

कन्या : आणि पाटी?

बाबा : फोन दे इकडे... हॅलो, कोण, रंगारी का? उतरलात शिडीवरून? मग चढा पुन्हा. नाही नाही, 'कन्या' पुसायचं नाही. अजिबात नाही. तिच्यापुढे तेवढं बारीक अक्षरात लिहा, बाहेरगावी आहेत.