कुणालाच न ओळखणारा कॅमेरा

(ओसाका. तेंजिनबाशीच्या बाजारगल्लीतलं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान. डिसेंबरातली दुपार. काउंटरच्या आत मालकीण तोकिए. बाहेर स्टुलांवर एकाच फोटो-मंडळातले दोन म्हातारे : वर्तमानपत्रात हयात घालवलेले सेगावा, आणि शाळांचे वर्गफोटो काढून निवृत्त झालेले हिराबायाशी.)

सेगावा : म्हणजे सगळेच्या सगळे काळे?

हिराबायाशी : सगळे.

सेगावा : तोकिए, ऐकतेयस ना? मी याला माझा रेंजफाइंडर आठवडाभर वापरायला दिला. बायकोला हात लावू देत नाही असा कॅमेरा. आणि हा गृहस्थ योदो नदीच्या काठानं दिवसभर लेन्सवर झाकण ठेवून फिरला.

तोकिए : होतं हो तसं. दुसऱ्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो, झाकण राहिलं की समोर अंधार. याला वेगळी खिडकी. झाकण असलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. आमच्या बाबांनी एक अख्खं लग्न असंच काढलं होतं.

सेगावा : ते लग्न तुझ्या बापानं मला इतक्यांदा ऐकवलंय की मी त्यात जेवून आल्यासारखं वाटतं. पण तो फिल्मचा जमाना, पोरी. धुतल्याशिवाय कळायचं नाही. याच्या पाठीला चांगला पडदा आहे. अरे, एकदा तरी बघायचंस.

हिराबायाशी : पडदा मी बंद केला होता.

सेगावा : कशाला?

हिराबायाशी : तुम्हीच मंडळात सांगता ना, खरा रेंजफाइंडरवाला काढलेला फोटो लगेच बघत नाही म्हणून.

सेगावा : ते मंडळात सांगायला असतं रे. मी स्वतः संडासात जाऊन बघून येतो.

तोकिए : चहा घ्या. आणि या भाताच्या पापड्या, कालच्या आहेत पण कुरकुरीत आहेत.

सेगावा : आण इकडे. बरं झालं, निदान याच्या डोक्यातलं खूळ तरी गेलं.

हिराबायाशी : गेलं नाही. मी घेतोय तो. तुमच्यासारखाच, त्या काचेच्या कपाटातला.

सेगावा : काय म्हणालास?

हिराबायाशी : तोकिए-सान, मी पिशवीत माझा कॅमेरा आणलाय. तिन्ही लेन्स आहेत. चार्जर, पट्टा, खोकं, सगळं आहे. हे तुम्ही ठेवून घ्या, वरची भर मी घालतो, आणि तो काचेतला मला द्या.

सेगावा : थांब पोरी, कुलूप काढू नकोस. हिराबायाशी, तुला त्याची किंमत माहीत आहे ना? तेवढ्यात लोक छोटी गाडी घेतात.

हिराबायाशी : मला गाडी चालवता येत नाही.

सेगावा : हा कॅमेरा तरी कुठे चालवता येतोय?

तोकिए : सेगावा-सान, माझं गिऱ्हाईक मोडू नका.

सेगावा : मोडणारच. मी ओळखतो याला. चाळीस वर्षं पोरांना ओळीत उभं करून ‘हसा’ म्हणत आला. ऐक, तो बिचारा कॅमेरा तुला काहीएक मदत करत नाही. आपण होऊन फोकस धरत नाही. खिडकीत एकाच माणसाच्या दोन आकृत्या दिसतात, कडं फिरवत बसायचं, त्या एकमेकींवर नीट बसल्या की मग बटण. तोवर माणूस घरी जाऊन जेवलेला असतो.

हिराबायाशी : मला घाई नाही.

सेगावा : माझे डोळे बघ. आता मला दोन्ही आकृत्या सारख्याच पुसट दिसतात. अंदाजानं मारतो. आणि जवळचं तर दाखवूच नको त्याला. हातभर अंतराच्या आत गेलास की त्याला काही कळत नाही. फुलाचा फोटो नाही, हातावरच्या रेषांचा नाही, कुणाच्या जवळ जायची सोयच नाही.

हिराबायाशी : मला आता कुणाच्या जवळ जायचंय?

तोकिए : चहा गार होतोय.

सेगावा : हे बघ, त्याची नशा मला कळत नाही असं नाही. त्या खिडकीत चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. माणूस चौकटीत पाऊल टाकायच्या आधी येताना दिसतो. त्या एका गोष्टीपायी मी बायकोच्या शिव्या खाल्ल्या. पण तुझं काय? तू तर झाकण लावून फिरलास. काळे फोटो काढायला एवढा पैसा?

हिराबायाशी : सेगावा-सान, तो दिवस फार चांगला गेला.

सेगावा : कोणता?

हिराबायाशी : झाकणाचा. पुलाखाली एक बाई सॅक्सोफोन शिकत होती. एकच ओळ, पुन्हा पुन्हा चुकत होती. मी कडं फिरवून तिच्या दोन आकृत्या एक केल्या आणि थांबलो. चौकटीबाहेरून एक म्हातारा कुत्र्याला घेऊन येताना दिसला. तो तिच्यापाशी पोचेपर्यंत मी श्वास धरून उभा होतो. मग बटण दाबलं. फोटो आला नाही ते घरी गेल्यावर कळलं. पण तेवढा वेळ कॅमेऱ्यानं मला काही सांगितलं नाही. तो गप्प होता. आमची मिसाओ गेल्यापासून असा दिवस गेला नव्हता.

सेगावा : तुझा कॅमेरा बोलतो की काय?

हिराबायाशी : तोकिए-सान, तुम्ही तपासून घ्या ना तो.

तोकिए : घेते. बटणं ठीक. लेन्सच्या काचा स्वच्छ आहेत, बुरशी नाही. तुमच्या वस्तू नेहमी अशाच असतात म्हणा. आता चालू करते… हिराबायाशी-सान, यात एक चेहरा नोंदवलेला आहे.

हिराबायाशी : हो.

तोकिए : खाली नाव घातलंय. मिसाओ.

सेगावा : चेहरा नोंदवलेला म्हणजे?

तोकिए : हल्लीच्या कॅमेऱ्यांत सोय असते. घरच्या माणसाचा चेहरा एकदा दाखवून ठेवायचा. मग गर्दी असली तरी कॅमेरा तोच चेहरा शोधतो, त्याच्याभोवती पिवळी चौकट काढतो, खाली नाव दाखवतो आणि फोकस तिथेच धरतो. लोक नातवंडांची नोंद करतात बहुतेक.

हिराबायाशी : हे मी नाही केलं. तिनंच केलं. कॅमेरा आणला त्या दिवशी मी लेन्स पुसत बसलो होतो, आणि ती माहितीपुस्तक घेऊन बसली. म्हणाली, चाळीस चाळीस पोरांचे डोळे उघडे आहेत का ते तू बरोबर बघतोस, माझे कधी बघितलेस? आपल्या लग्नापासूनच्या प्रत्येक फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. तुला जमत नाही, तर हा तरी बघेल.

सेगावा : बरोबर बोलली. सहलीच्या फोटोत मिसाओ-सान कायम झोपलेल्या.

हिराबायाशी : मग मला म्हणाली, समोरून काढ, डावीकडून काढ, उजवीकडून काढ. पोलिसांत नेल्यासारखी बसली होती. नाव स्वतः टाइप केलं. त्यानंतर तिचे डोळे मिटलेला एकही फोटो नाही आला.

तोकिए : छान आहे की.

हिराबायाशी : छानच होतं. ती होती तोवर.

सेगावा : काय झालं, नीट सांग.

हिराबायाशी : तिचा फोटो देव्हाऱ्यापाशी आहे, काळ्या फितीतला. तो मीच काढलेला, याच कॅमेऱ्यानं. साप्पोरोला तिची थोरली बहीण आहे, तिला प्रवास होत नाही. म्हणून मी देव्हाऱ्यात फुलं बदलली की फुलांचा फोटो काढून पाठवायचो. कॅमेरा फुलांकडे बघायचाच नाही. वर जाऊन तिच्या फोटोवर चौकट काढायचा. मिसाओ. मी पुन्हा फुलांवर आणायचो, तो पुन्हा वर. मिसाओ. जणू मला दाखवतोय, ही बघ ना, इथे आहे.

सेगावा : बंद करता येत असेल ते.

हिराबायाशी : येतं. दोनच बटणं. तेवढं माझ्यानं झालं नाही.

सेगावा : मग फुलांचे फोटो पाठवणं सोड. बहिणीला फोन कर.

हिराबायाशी : केला होता. बहिणीला आता आठवत नाही काही. मागच्या वेळी फोटो पोचला तेव्हा तिनं सुनेला विचारलं, मागे ही बाई कोण दिसतेय? मी पाठवणं थांबवलं.

तोकिए : अगंबाई.

हिराबायाशी : तेवढंच असतं तर मी रडून मोकळा झालो असतो. गेल्या महिन्यात याच बाजारगल्लीत आलो होतो, संध्याकाळच्या गर्दीत. दुकानांच्या दिव्यांचे फोटो काढत होतो. पडद्यावर माणसंच माणसं, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पांढऱ्या चौकटी येत-जात होत्या. आणि एकदम पिवळी आली. खाली मिसाओ.

सेगावा : अरे देवा.

हिराबायाशी : चुकला होता तो. मला माहीत होतं चुकला ते. मी तिच्या अस्थी स्वतःच्या हातांनी चॉपस्टिकसारख्या काड्यांत धरून कलशात घातल्या आहेत, मला माहीत नसणार का? पण मी मागे गेलो, सेगावा-सान. त्या बाईच्या मागे. तिनं पातीचा कांदा घेतला. मग चपलांच्या दुकानापाशी थांबली, कुणाशी तरी हसली. मी पडद्यावर बघत चाललो होतो, समोर बघत नव्हतो. पडद्यावर नाव होतं, म्हणून. भुयारी रेल्वेच्या जिन्यापर्यंत गेलो. तिथे ती वळली आणि माझ्याकडे बघितलं. अजिबात सारखी नव्हती. नाकडोळे काहीच नाही. वयानंही लहान. घाबरली ती. मी खाली वाकून माफी मागितली, तेव्हा आणखीच घाबरली.

सेगावा : मला का नाही सांगितलंस?

हिराबायाशी : काय सांगणार? कॅमेऱ्याच्या सांगण्यावरून परक्या बाईच्या मागे लागलो, असं?

सेगावा : हो. असंच सांगायचं. मी हसलो असतो आणि मग तुला घरी जेवायला नेलं असतं.

हिराबायाशी : म्हणून मला तो काचेतला हवाय. त्याला कुणी ओळखू येत नाही. त्याच्या खिडकीत माणूस म्हणजे नुसता माणूस. कुणाला शोधायचं, कुणाला नाही, ते माझं मी बघेन. एवढी शांतता मिळत असेल तर किंमत जास्त नाही.

सेगावा : …तोकिए, काढ कुलूप. घेऊ दे त्याला.

तोकिए : काढते. फक्त एक आहे, हिराबायाशी-सान. कॅमेरा ठेवून घ्यायचा तर आमचा नियम आहे. मालकासमोर तो पुसून कोरा करायचा. तारीख, फोटो, नोंदवलेले चेहरे, सगळं. पुढच्या गिऱ्हाइकाला तुमच्या घरचं नाव दिसायला नको.

हिराबायाशी : बरोबर आहे.

तोकिए : तुम्ही करता की मी करू?

हिराबायाशी : तुम्ही करा. मी इकडे बघतो.

तोकिए : पडद्यावर विचारतोय तो. नोंद पुसायची का? हो की नाही.

सेगावा : थांब जरा. दे इकडे. मला बघायचंय तो काय करतो ते. हिराबायाशी, वर बघ. हस जरा. पोरांना सांगायचास ना?

हिराबायाशी : काय दिसतंय?

सेगावा : पांढरी चौकट आली. नाव नाही.

हिराबायाशी : नसणारच. मी कायम मागे असायचो.

सेगावा : सहा वर्षं तुझ्या हातात आहे आणि तुला ओळखत नाही.

हिराबायाशी : एकदा तिनं म्हटलं होतं, ये, तुझाही चेहरा घालू. मी म्हटलं, मला कोण शोधणार आहे.

तोकिए : सेगावा-सान, परत द्या. हं, पुन्हा ‘हो की नाही’ पर्यंत आणलाय. हिराबायाशी-सान, पुसू ना?

हिराबायाशी : एक विचारू? पुसलं आणि मग पुन्हा घालायचं झालं तर?

तोकिए : समोर माणूस लागतो. तीन बाजूंनी.

हिराबायाशी : फोटोवरून नाही होत?

तोकिए : फोटोवरून नीट होत नाही. माणूसच लागतो.

सेगावा : अरे, आता विचार करू नकोस. तूच म्हणालास, शांतता पाहिजे. दाब, तोकिए.

हिराबायाशी : नको. राहू दे. द्या तो माझ्याकडे.

तोकिए : आणि काचेतला?

हिराबायाशी : माफ करा, तोकिए-सान. तुमचा वेळ घेतला. हा दिल्याशिवाय मला तो परवडत नाही.

तोकिए : वेळेचं काही नाही हो.

सेगावा : तो पुन्हा चुकेल, हिराबायाशी. पुन्हा कुणाच्या तरी अंगावर नाव टाकेल आणि तू पुन्हा मागे जाशील.

हिराबायाशी : जाईन. वाकून माफी मागेन.

सेगावा : माझा रेंजफाइंडर ने. कायमचा ने. माझ्या डोळ्यांना आता काही उपयोग नाही त्याचा. झाकण मी काढून ठेवतो, म्हणजे झालं. आणि हा देऊन टाक, का घरी नेतोस जिवाला त्रास?

हिराबायाशी : तुमचा नेईन मी रविवारी, नदीवर जाताना. पण याला असं दुसऱ्याच्या घरी कसं पाठवू, सेगावा-सान? तिचा चेहरा ओळखणारे आता घरात आम्ही दोघंच आहोत.