मुंडी नसलेलं मटण

जबाब

दिनांक २७ डिसेंबर २०२४

मी, यशवंत सहादेव अमोलिक, वय ७६ वर्षे, धंदा सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, धर्म ख्रिस्ती, राहणार ख्रिस्तवस्ती, मौजे बोरठाण, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर. मला कोणी बोलावलेलं नाही. मी आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की,

माझ्या लहानपणी गावात बैल किंवा म्हैस मेली की वेशीकडून आमच्या वस्तीच्या दिशेने हाळी यायची. "ढोर पडलंय, चला रंऽऽ." हाळी देणारा शेवटचं अक्षर लांबवून वर न्यायचा. तिला चाल होती. मला चालीचं वेड तेव्हापासूनचं, आणि पोरवयात मला ती हाळी आवडायची. आमच्या लोकांनी ते ढोर ओढून न्यायचं, सोलायचं आणि तेच खायचं, असा गावचा रिवाज होता. माझे वडील सहादेव यांनी बाप्तिस्मा घेतला, त्या वर्षीच्या नाताळात त्यांनी साऱ्या वस्तीकडून वचन घेतलं की आजपासून मेलेलं तोंडात घालायचं नाही. पुढेही काही वर्षं हाळी येत राहिली. वडील जेवत असले तर जेवत राहायचे, मान वर करायचे नाहीत. मग ती यायची थांबली.

जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस हवालदार अश्विनीबाई म्हणाल्या, "बाबा, जुनं राहू द्या, घटनेचं सांगा." मी म्हणालो, "बाई, घटना हीच आहे." त्यांनी लिहून घेतलं.

परवा आमच्या वस्तीच्या नाताळच्या जेवणातून बऱ्याच लोकांना उलट्या आणि जुलाब झाले. त्याबद्दल माझा मुलगा अमृत, वय ४१, याने काल फिर्याद दिली की, मटण गावातले खाटीक दस्तगीर मुलाणी यांनी खराब दिलं. त्यावरून दस्तगीरभाईंना कालपासून ठाण्यात बसवून ठेवलेलं आहे. मी आत आलो तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि मीही घातली. ते मटण त्यांचं नव्हतं. एवढंच सांगून परत जाईन असं ठरवून मी आलो होतो. पण, "मग कोणाचं होतं?" असं विचारल्यावरून पुढील हकीकत सांगतो.

आमच्या वस्तीत नाताळचं जेवण एकत्र असतं आणि त्याचा बोकड दोन-तीन आठवडे आधी घोडेगावच्या बाजारातून आणतात. निवडायला वडील जायचे, त्यांच्यामागे मी जात आलो. खच्ची केलेला, चार दाती बोकड बघायचा. पाठीच्या कण्यावरून हात फिरवायचा, कणा हाताला टोचला तर पुढे जायचं. डोळा पाणीदार हवा, शेपटीखाली कोरडं हवं. मग तो वस्तीत बांधायचा. ज्याच्या बांधाला शेवरी आहे त्याने पाला आणायचा. चोवीस तारखेला दस्तगीरभाई येतात, त्यांच्या आधी त्यांचे वडील यायचे. सुरी लावण्याआधी बोकड चर्चच्या ओट्यासमोर उभा करतात आणि वस्तीतलं प्रत्येक घर येऊन त्याला उभा बघून जातं. म्हातारी माणसं हात लावून बघतात. याला आम्ही 'उभं बघणं' म्हणतो. चार पायांवर उभं बघितलेलं नाही ते मटण नाताळच्या पातेल्यात पडत नाही. मुंडी सर्वांत वयस्कर माणसाच्या घरी जाते. सध्या ते घर भागूबाई कदम यांचं आहे.

यंदा तरुण मंडळाने ठरवलं की बोकड आणायचा नाही. अमृत मंडळाचा अध्यक्ष आहे. तो म्हणाला, "अप्पा, बोकड सांभाळायला, पाला आणायला कुणाला वेळ हाय? आमी साफ करून कापल्यालं आणतो. पाव्हणे बी येनार हायत, डीजे सांगितलाय." मी म्हणालो, "आणि उभं बघणं?" तो म्हणाला, "फोटो काढून दावतो." पोरं हसली. मीही थोडा हसलो. मुलांकडून नाताळसाठी कविता बसवून घेत होतो, त्या गोकुळात मी होतो. आमच्या पाठ्यपुस्तकांतल्या कवितांमध्ये कोकरं होती, हिरवी कुरणं होती. कवितेतली मेंढरं नेहमी पांढरी असतात.

चोवीस तारखेस संध्याकाळी मांडवाच्या मागे टेम्पो आला. त्यातून खताच्या धुतलेल्या गोण्या उतरवल्या. गोण्यांच्या तळाशी ओल होती आणि ती पाण्यासारखी नव्हती, हाताला चिकटत होती. मी एका गोणीचं तोंड सोडलं. मटण जांभळट काळं होतं. बोटाने दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. बरगड्यांच्या आतल्या बाजूला रक्त गोठून बसलेलं होतं. सुरीखाली गेलेल्या जनावराच्या अंगात असं रक्त राहत नाही. काही तुकड्यांवर हिरवट डाग होते. मी अमृतला विचारलं, "मुंड्या कुठे आहेत?" तो म्हणाला, "आता कोन खातं मुंडी. दस्तगीरनं ठिवून घेतल्या." मी म्हणालो, "भागूबाईंची मुंडी दस्तगीरभाई ठेवून घेणार नाहीत." तो म्हणाला, "अप्पा, तुमी जा, पोरांच्या कविता घ्या." मी हात लिंबाने धुतले, मग राखेने धुतले. तो वास आज, हा जबाब देताना, माझ्या बोटांना आहे.

पंचवीस तारखेस उपासना सुटल्यावर पातेलं चढलं. स्वयंपाक दर वर्षीप्रमाणे बायडाबाई त्रिभुवन यांच्याकडे होता. मटणाला उकळी आली तेव्हा राखाडी फेस आला आणि तो काढला की परत येत होता. वास असा होता की चुलीजवळच्या बायकांनी पदर नाकाला लावले. बायडाबाई मला म्हणाल्या, "गुर्जी, ह्ये शिजत न्हाई, ह्ये सडतंय." मी अमृतला बोलावून पातेलं ओतून द्यायला सांगितलं. त्याने बायडाबाईंना सांगितलं, "मसाला वाढवा. आलं-लसूण दुप्पट घाला." बायडाबाई म्हणाल्या, "आरं, मसाला काय जित्तं करतोय व्हय त्येला?" तो म्हणाला, "मावशी, पाव्हणे बसल्यात पंगतीला. मंडळाची लाज काढता का?" मग मसाला पडला. वरून कोथिंबीर पडली. तर्री लाल आली, दिसायला उत्तम. मसाल्याखालून तो वास डोकं वर काढत होता.

पंगतीत मी उभा राहून मोठ्याने सांगितलं की मटण खाऊ नका, भात आणि वरण खा. डीजे चालू होता. जवळच्या दोन-तीन घरांनी ताटं सारली. माझी पत्नी विजयमाला हिचं ताट मी उचललं. बाकीच्यांना वाटलं गुरुजी कविता म्हणत आहेत. एका पाहुण्याने टाळीही वाजवली. पाळकसाहेबांनी आशीर्वाद मागितला आणि लोक जेवले. मी पंगतीच्या टोकाला उभा राहून माणसं ते चावताना बघितली. त्या दृश्याबद्दल अधिक सांगायचं नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीपासून उलट्या सुरू झाल्या. मांडवातल्या केळीच्या खांबांपाशी, चर्चच्या ओट्यापाशी, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे लोक ओकले. सजावटीच्या तारा पेटलेल्याच होत्या. काही जणांना सरकारी दवाखान्यात नेलं. बहुतेक घरी आले आहेत. भागूबाई कदम, वय ८८, यांना अजून सलाईन चालू आहे.

काल सकाळी मी दवाखान्यात भागूबाईंना भेटलो. त्या मला लहानपणापासून एकेरी हाक मारतात. त्या म्हणाल्या, "येशवंता, पयल्या घासालाच मला कळलं."

मी विचारलं, "काय कळलं, आत्या?"

"मेल्यालं हाय. जीभ म्हातारी झाली, पर ती चव वळखती. मी सतरा-अठरा वरसाची आसंपर्यंत तेच खाल्लंय."

मी म्हणालो, "मग थुंकलं का नाही?"

त्या म्हणाल्या, "पोरांनी हौसेनं वाढलं हुतं रं. वाटलं, माझंच डोस्कं फिरलं आसंल. आपल्या वस्तीत आसं कुठनं येईल." मग त्या म्हणाल्या, "तुझ्या बानं ह्ये आमच्या तोंडातनं काढलं हुतं. कुनी घातलं माघारी?"

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि उठलो.

तिथून मी दस्तगीरभाईंच्या दुकानी गेलो. दुकानाची पाटी खाली पडलेली होती आणि तिच्यावर शेण मारलेलं होतं. ती आमच्या वस्तीतल्या मुलांनी पाडली असं कळलं. दस्तगीरभाई आत बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, यंदा तुमच्याकडनं मला कुणी हाकच मारली न्हाई. चोवीस तारखेला मी सुरीला धार लावून वाट बघत बसलो. म्हटलं, गुरुजी आजारी-बिजारी पडले का काय." मी म्हणालो, "भाई, तुम्ही हे पोलिसांना सांगितलं का?" ते म्हणाले, "कुणी विचारलंय अजून?" त्यानंतर पोलिसांची गाडी आली. गाडीत बसताना त्यांनी दुकानाची कडी मला लावायला सांगितली. ती मी लावली.

काल संध्याकाळी मी घरी स्वयंपाकघरात अमृतला समोर बसवून विचारलं. विजयमाला तिथेच भाकरी करत होती. अमृतने सांगितलं की, तेवीस तारखेला पहाटे हायवेवर ट्रकने धनगराच्या कळपातली मेंढरं चिरडली. ती दिवसभर रस्त्याच्या चरीत पडून होती. धनगर रडत होता, त्याने ती कुणीतरी पुरून टाकावीत म्हणून अमृतच्या टेम्पोत भरून दिली. अमृत आणि मंडळातल्या दोघांनी ती पुरली नाहीत. संध्याकाळी एका शेडमध्ये सोलली, मुंड्या आणि आतडी कालव्यात टाकली, गोण्या दुसऱ्या दिवशी वस्तीत आणल्या.

मी म्हणालो, "म्हणजे मेलेली होती."

तो म्हणाला, "मेल्याली कशी? ट्रकनं मारली म्हंजी मारल्यालीच की. सुरीनं काय अन् चाकानं काय."

मी विचारलं, "आणि दस्तगीरभाईंचं नाव?"

तो म्हणाला, "दर वरसाला त्योच देतो, म्हनून कुनी इचारनार न्हाई. दोन दिसांत सुटंल त्यो. तो काय आपल्यातला हाय? माझं नाव गेलं तर आपल्या घराचं नाव जाईल, अप्पा."

मी त्याला विचारलं की आपल्या घराचं नाव कशावर उभं आहे हे त्याला ठाऊक आहे का. तो म्हणाला, "आजोबाचं त्ये वचन लई झालं आता. त्या येळेला खायाला न्हवतं, म्हनून त्येची येवढी मोठी गोष्ट. आमाला काय त्येचं." असं म्हणून तो फोन घेऊन बाहेर गेला. तो मला तेव्हा किळसवाणा वाटला. मी त्याचा बाप आहे, त्याला बोलायला मी शिकवलं, आणि हा शब्द मी विचार करून वापरत आहे.

मी विजयमालेला विचारलं, "ऐकलंस?" ती म्हणाली, "मला काही ऐकू आलं नाही. भाकरी थापत होते." आज सकाळी मी निघालो तेव्हा तिने चहा पुढे केला आणि म्हणाली, "पोराविरुद्ध लिहून द्यायला चाललात, तर हा पिऊन जा. आल्यावर मी करणार नाही." मी चहा प्यालो आणि एसटीने इकडे आलो.

अश्विनीबाईंनी मला विचारलं, "बाबा, मुलगा हे बोलला तेव्हा तुमच्याशिवाय तिथे कोण होतं?" मी सांगितलं, पत्नी होती, पण तिने ऐकलं नाही असं ती म्हणते. त्या म्हणाल्या, "मग हे तुमच्या एकट्याच्या शब्दावर कसं टिकणार? फिर्यादी तुमचाच मुलगा. लोक म्हणतील बापलेकाचं भांडण आहे. मुलाणींना सोडायला मला आणखी काहीतरी लागेल." मी म्हणालो, "माझा शब्द आहे." त्या म्हणाल्या, "तो मी लिहिला आहे, बाबा." त्या वाईट बोलल्या नाहीत.

माझा मुलगा अमृत याच्याविरुद्ध मी रागाने बोलत नाही. राग कालपर्यंत होता. आता फक्त त्या गोण्यांचा वास आहे आणि तो त्याच्या नावाला लागलेला आहे. दस्तगीर मुलाणी यांचा या मटणाशी काहीही संबंध नाही, त्यांना घरी जाऊ द्यावं. वस्तीतून कुणी मला विचारलं तर मी चर्चमध्ये उभा राहून हेच सांगेन.

हा जबाब अश्विनीबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर मी स्वतः चष्मा लावून तो पहिल्यापासून वाचला. दोन ठिकाणी अनुस्वार राहिले होते ते मी घालून दिले. मी बोललो तसाच तो उतरला आहे, त्यात कमी-जास्त काही नाही.

सही करण्याआधी एवढं वाढवून घ्यावं, ही विनंती. मी पेन हातात घेतलं तेव्हा दारावरचे शिपाई कुणाला तरी म्हणाले, "मावशी, थांबा, आत जबाब चालू आहे." मी वळून पाहिलं. दारात माझी पत्नी विजयमाला उभी होती. लग्नाला पन्नासहून अधिक वर्षं झाली, ती कधी एकटी एसटीत बसलेली नाही. तिने चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. ती माझ्याकडे बघत नव्हती. दारातूनच ती अश्विनीबाईंना म्हणाली, "हात पिठात होते, कान नव्हते. माझंही लिहून घ्या."