आमंत्रणाशिवाय बटवा नाही

कुंदाताईंच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मागे जागा नसेल तर जिन्यात बसा, पण बसा. उभं राहून घड्याळाकडे बघणारं माणूस दिसलं की मी अडखळते.

मी पुष्पा. वारज्याहून येते. इथे नारायण पेठेत, कुंदाताईंच्या घरी, अकरा वर्षं बटवे शिवतेय. बोलायला मला येत नाही असं नाही, भरपूर येतं. पण आज मनातलं बोलत सुटले तर मी भांडायला लागेन. म्हणून लिहून आणलंय. शाळा चौथीपर्यंत. माझं अक्षर मलाच लागत नाही, सांभाळून घ्या.

आत्ता एक काका बोलून गेले. चांगलं बोलले. पण म्हणाले, "बिचाऱ्या कुंदाताई, यजमान गेल्यावर वेळ जावा म्हणून बटवे शिवायच्या." काका, माफ करा. कुंदाताई बिचाऱ्या नव्हत्या. आणि वेळ? त्यांना वेळ होता कुठे? सकाळी दहाला आम्ही तिघी यायचो, तोवर त्यांचं कापड बेतून झालेलं असायचं. वेळ जावा म्हणून माणूस टीव्ही बघतं, काका.

माझा पहिला बटवा खणाचा होता. खणावर मोर. मी शहाणपणा केला. एकच लांब पट्टी घेतली, मधोमध दुमडली, दोन्ही बाजू शिवल्या, वर नेफा, नेफ्यात नाडी. तळाचा जोड वाचवला म्हणून मी खूश. ताईंनी बटवा उलटा करून बघितला. पुढचे मोर सरळ, मागचे डोक्यावर उभे.

"पुष्पा, हे मोर योगासनाच्या क्लासला जातात का?"

मी म्हटलं, अहो ताई, मागची बाजू बघतंय कोण?

"मी बघितली. आता तूही बघितलीस. झाल्या की दोघी." आणि कात्री पुढे केली. "उसव. दोन तुकडे काप, तळाला जोड दे."

उसवलं. रडत उसवलं. त्यांनी चहा दिला, पण उसवायला लावलंच.

आता मुद्द्यावर येते. हे बटवे जायचे कुठे? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. वाण म्हणून. इथे बसलेल्या निम्म्या बायकांच्या कपाटात असतील. कुणी त्यात नथ ठेवली असेल, कुणी चार्जर. ठेवा. पण शिवले कुणी, हे विचारलंत कधी? शिवले कुंदाताईंनी. विधवा. शिवले मी. विधवा. शिवले आमच्या शकूने, तिला नवऱ्याने टाकलेलं. आमच्यात सवाशीण एकच, रेखा, आणि तिची शिलाई तेवढी वाकडी.

दोन वर्षांपूर्वी एका घरी बटवे पोचवायला उशीर झाला. ताई आणि मी हळदीकुंकवाच्या दिवशीच गेलो. आत बायका, अत्तराचा वास, तिळगुळाची ताटं. घरच्या बाई दारात आल्या, पिशवी घेतली आणि हळूच म्हणाल्या, "ताई, पुढच्या वेळी आदल्या दिवशी आणा हं. म्हणजे, मी नाही मानत. पण सासूबाई आहेत ना."

मी नाही मानत! ज्या घरी जावं तिथे मानणारी कुणीतरी दुसरीच असते.

ताई मागे वळल्या. रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "बटवा आत गेला आणि आपण बाहेर. पुष्पा, आता पुरे."

त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगणं. जिथे शिवणारीला बोलावणं नाही, तिथे बटवा नाही. गिऱ्हाइकं गेली. भराभर गेली. गेल्या संक्रांतीला आमचा एकही बटवा वाणात गेला नाही. मी वैतागले. म्हटलं, ताई, असला हट्ट काय कामाचा? म्हणाल्या, "तुला झेपत नसेल तर जा. मी रागावणार नाही." मी गेले नाही. का गेले नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

मग यंदा आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई ताईंच्या घरी आल्या. पोहे खाल्ले. म्हणाल्या, "कुंदाताई, साठ बटवे द्या. आणि तुम्ही, तुमच्या सगळ्या जणी, हळदीकुंकवाला या."

ताईंनी हिरवी साडी इस्त्रीला टाकली. आणि एका दुपारी, नाडी ओवता ओवता, मला विचारतात, "पुष्पा, कुंकू लावून घेताना मान पुढे करतात का गं? एकोणीस वर्षं झाली. विसरले."

मी म्हटलं, ताठ बसायचं. लावणारीनं पुढे यायचं.

त्यानंतरच्या मंगळवारी चहा टाकते म्हणाल्या आणि ओट्यापाशीच कोसळल्या. गुरुवारी मला अध्यक्षबाईंचा फोन. "आता अशा प्रसंगात बटवे राहू देत. आणि बोलावण्याचं पुढच्या वर्षी बघू."

काय बघू? साठ बटवे कापलेले होते. चाळीस तयार होते. उरलेले वीस आम्ही काल पुरे केले. माधवी, ताईंची सून, म्हणाली, "मावशी, सुतकात शिवायचं?" मी म्हटलं, सुतक तुला, मला कसलं? मी कोण त्यांची? जरा वेळाने तीच सेफ्टी पिन घेऊन नाड्या ओवायला बसली. तीन चुकवल्या. आज सकाळी मला बजावत होती, मावशी, सभेत भांडू नका. भांडत नाहीये, माधवी. वाचतेय.

अध्यक्षबाई, तुम्ही दुसऱ्या रांगेत आहात. चष्मा नंतर पुसा. तुम्ही नुसतं "कुंदाताई, या" म्हणाला नव्हतात. "तुमच्या सगळ्या जणी" म्हणाला होतात. त्यातली एक गेली. बाकीच्या इथे बसल्यात, धडधाकट. शनिवारी पाच वाजता हळदीकुंकवाला आम्ही तिघी येणार. साठ बटवे घेऊन. दारात पिशवी देऊन परत फिरणार नाही. बटवे आमच्याबरोबर आत येतील, नाहीतर आमच्याबरोबर घरी जातील. आणि मानणाऱ्या सासूबाई कुणाकडे असतील तर त्यांनाही घेऊन या. त्यांच्याशी मी बोलते.

उत्तर आत्ता नको. ही सभा ताईंची आहे.

आता उठा. गुडघे दुखत असतील त्यांनी बसून राहिलं तरी ताईंना चाललं असतं. दोन मिनिटं त्यांच्यासाठी शांत राहू या. मीही गप्प राहीन.

दोनच मिनिटं.