पुढल्या वर्षी वाचायचं पत्र

३१ डिसेंबर १९९४, सकाळी साडेदहा. तुर्भ्यातल्या एका दवाखान्यात डॉक्टर अजून आले नव्हते. नंबर लावून बसलेल्या सुमेधाच्या शेजारी मार्केटातला एक माथाडी आणि त्याची बायको होती. बायकोच्या मांडीवर आठ महिन्यांची मुलगी झोपली होती, हातात न फोडलेलं आंतरदेशीय पत्र होतं.

“आन हिकडं, वाचून दावतो.”

“नगं. साक्षरता वर्गात बाईंनी इचारलं, पुढल्या वर्षी कोन काय वाचनार? कुनी बसची पाटी म्हनलं, कुनी पोथी. मी म्हनलं, दादाचं पत्र.”

“म्हंजी वरीसभर ठेवनार व्हय? लोनचं हाय का ते?”

“जोडाक्षरं व्हायचीत अजून. तवर ऱ्हाऊ द्या.”

“आन काय निकडीचं असलं तर?”

“मागल्या पत्रातबी निकडीचंच व्हतं. तुमी वाचलंसा, समदी खुशाल.”

“तू वली बाळंतीन व्हतीस. काय सांगनार व्हतो?”

“आई गेली म्हनून सांगायचं. चार म्हैन्यांनी गावाकडं गेले ते तिला लुगडं घिऊन गेले.”

त्याने पत्राकडे पाहिलं. मग सुमेधाकडे वळला.

“ताई, तुमी तरी वाचून दावा.”

सुमेधाने त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिने पत्र पालथं केलं आणि पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं.

“क… म… ल. ह्ये तर वैनीचं नाव. पत्र तर दादाच लिवतो.”

“फोडू का?” सुमेधाने विचारलं.

तिने ते नाव पुन्हा एकेक अक्षर लावून वाचलं. सव्वाअकराला कंपाउंडरने “राजाबाई” असा तिच्या नावाचा पुकारा केला, तेव्हा पत्र तिच्या हातात तसंच बंद होतं.