हयातीचा दाखला

अरे, मी खराडीत सॉफ्टवेअरमध्ये ना, त्यामुळे शहाणपणा जरा जास्तच. बाबा निवृत्त सुभेदार. दर एक नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला आधी बँक, मग सैनिक कार्यालय, असे हेलपाटे घालायचे. यंदा सगळी कार्यालयं एकमेकांना जोडली, म्हणून मी घरीच त्यांच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरला.

"झालं बाबा! तुम्ही जिवंत आहात, हे सगळ्यांना एकदम कळलं."

बाबा बुटांना पॉलिश करत होते. "शिंद्याला कुठं कळलंय? माझ्या पलटणीतला. फोन वापरत नाही. वर्षातून एकदा बँकेच्या रांगेतच भेटतो."

गेले. बँक बंद होईपर्यंत बसून परत आले. शिंदेकाका आलेच नव्हते.

बूट काढता काढता म्हणाले, "त्याच्याही पोरानं घरीच मोबाइल धरला असेल, नाही का रे?"