दाराबाहेरचा बूट

ठाण्याच्या दवाखान्यात गोऱ्या डॉक्टरची वाट बघत बसलेल्या मिठागरातल्या रंगूबाईचे कान पुढच्या दोन पागोटेवाल्यांकडेच लागले होते.

"त्र्यंबकराव, थोरल्या बंधूंचा पाय काय म्हणतो?"

"अर्धांगवायूनं ताठला तो ताठलाच. पाऊल खाली वळलंय, बोटं जमिनीला घासतात."

"वैद्यांचं तेल?"

"सहा महिने चोळलं. चोळणारा सैल पडला, पाय ताठच."

"आणि हा साहेब?"

"म्हणाला, टाचेमागची शीर कापू, नाहीतर लोखंडी पट्ट्यांचा बूट घाला. कापायला आई नको म्हणाली. बूट मुंबईहून करवून आणला."

"मग, चालतात?"

"इथे साहेबासमोर वीस पावलं चालले की! झकास!"

"आणि घरी?"

"घरात चामडं कसं न्यायचं? आईचं सोवळं असतं. बूट दाराबाहेर ठेवलाय. त्यांनी दाराशी यावं, बूट चढवावा, खुशाल गाव हिंडावं."

रंगूबाईला राहवेना. "पन रावसाब, ते दारापर्यंत येतात कसं?"

"येतात कुठे? तेच तर साहेबाला विचारायला आलोय. एवढा विलायती बूट, पण महिन्याभरात काडीचा गुण नाही!"